वाचकांचे प्रश्न : एका ॲपमधला निरोप दुसऱ्या ॲपमध्ये का जात नाही?

गेल्या अंकातील टिपणात 'खुले मानक' (कोणालाही वाचता आणि पाळता येतील असे प्रसिद्ध केलेले नियम) हा शब्द आम्ही ओझरता वापरला होता. त्याचा अर्थ विचारणारी आणि त्यावर वाद घालणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे सिमकार्ड एका कंपनीचे आणि मुलाचे दुसऱ्या कंपनीचे, तरी आमचे बोलणे विनासायास होते. ईमेलचेही तसेच. मग व्हॉट्सॲपवरून सिग्नलवर किंवा टेलिग्रामवर एका ओळीचा निरोप का धाडता येत नाही? ही अडचण तंत्राची आहे की मनाची?
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : तंत्राची अडचण निदान कागदावर २००४ मध्येच सुटली होती, म्हणून 'मनाची' असेच उत्तर द्यावे लागेल. मात्र ते मन कोणाचे आणि ते असे का झाले, हे जरा विस्ताराने सांगायला हवे.

जानेवारी १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकी प्रोग्रामरने 'जॅबर' नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्या काळी एओएल, आयसीक्यू, याहू आणि एमएसएन या संदेशसेवा म्हणजे वेगवेगळी बेटे होती आणि चारही ठिकाणी मित्र असतील तर चार प्रोग्राम उघडून बसावे लागे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एओएलच्या सदस्यांना आपल्या एमएसएन मेसेंजरमधून निरोप पाठवण्याची सोय परस्पर करून पाहिली. एओएलने ती वाट बुजवली, मायक्रोसॉफ्टने दुसरी शोधली, आणि हा लपंडाव काही महिने चालून अखेर मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. जॅबरने असली कुरघोडी न करता सगळ्यांना वापरता येतील असे नियमच लिहून काढले. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते ऑक्टोबर २००४ मध्ये एक्सएमपीपी या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध केले.

या पद्धतीत प्रत्येकाला ईमेलसारखा पत्ता असतो : आधी नाव, मग 'ॲट'चे चिन्ह आणि शेवटी सर्व्हरचे, म्हणजे निरोप घेऊन पुढे पोचवणाऱ्या संगणकाचे, नाव. समजा, आपला पत्ता कराडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आहे आणि मुलाचा पुण्यातील एखाद्या सेवेवर. आपण लिहिलेला निरोप प्रथम आपल्याच सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर मुलाच्या पत्त्यातील चिन्हापुढचा भाग वाचतो, त्या नावाचा सर्व्हर कोठे आहे हे इंटरनेटच्या नामसूचीला, म्हणजे डीएनएसला, विचारतो आणि बहुधा ५२६९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे या कामासाठी ठरलेल्या दारावर, जाऊन ते ठोठावतो. मग दोन्ही सर्व्हर एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि निरोप हवाली होतो. कराडचे महाविद्यालय आणि पुण्याची सेवा यांच्यात कोणताही करार झालेला नसतो, त्यांना एकमेकांचे नावही आधी ठाऊक असण्याचे कारण नसते. दोघांनी एकच नियमपुस्तिका पाळली की पुरते.

हे केवळ पुस्तकात राहिले असेही नाही. ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेले गूगल टॉक याच मानकावर उभे होते, आणि जानेवारी २००६ पासून त्याचे सर्व्हर बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांशी बोलू लागले. फेसबुकनेही फेब्रुवारी २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीची खिडकी ठेवली. अर्थात तिच्यातून बाहेरचे ॲप वापरून फेसबुकच्या आतल्याच माणसांशी बोलता येत होते, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांशी नव्हे. व्हॉट्सॲपची कथा याहून बोलकी आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने आपली इमारत एक्सएमपीपीच्याच पायावर, 'ईजॅबरडी' हा कोणालाही वापरता-बदलता येणारा सर्व्हर-प्रोग्राम घेऊन, चढवली आणि नंतर आपल्या सोयीने ते नियम इतके बदलले की बाहेरच्याला ते ओळखू येऊ नयेत. ॲपच्या पोटात आपला फोन क्रमांक आजही क्रमांक, ॲट चिन्ह आणि कंपनीच्या सर्व्हरचे नाव अशाच रूपात वावरतो. म्हणजे दाराची चौकट जागच्या जागी आहे, फक्त तिच्यात विटा रचल्या आहेत.

गूगलने मे २०१३ मध्ये टॉकच्या जागी हँगआउट्स आणले आणि बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणे त्यात ठेवले नाही. फेसबुकची खिडकी २०१५ मध्ये बंद झाली. कारणे अनेक सांगता येतील, परंतु मला दिसते ते साधे आहे. धंद्यात नवखा असलेल्याला उघडे दार हवे असते, कारण त्याला इतरांच्या अंगणातली माणसे हवी असतात; स्वतःचे अंगण भरले की तेच दार त्याला गळतीसारखे वाटू लागते. तळे राखील तो पाणी चाखील, हे खरेच आहे; येथे मात्र राखणदाराने तळ्याला कुंपण घालून घागरीही आपल्याच दुकानातून घ्यायला लावल्या.

आपण फोनचे उदाहरण दिले आहे ते नेमके आहे. दूरध्वनी कंपन्या एकमेकींचे कॉल जोडून देतात त्या मनाच्या मोठेपणाने नव्हे, तर परवान्याची अट म्हणून. जिओ सुरू झाल्यावर २०१६ मध्ये जुन्या कंपन्या पुरेशी आंतरजोडणी देत नसल्याची तक्रार झाली, तेव्हा ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघींवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती. नियामक दंडुका घेऊन उभा असतानाही ही स्थिती होती. यूपीआयचेही तेच. मंडईत भाजीच्या गाड्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीखाली चिकटवलेला क्यूआर ज्या कंपनीचा असेल त्याच कंपनीचे ॲप आपल्याजवळ असावे लागत नाही. आपले पैसे आपल्या बँकेतून निघून त्याच्या बँकेत पोचतात. २०१६ मध्ये यूपीआय आणताना नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने आणि तिच्या पाठीशी असलेल्या रिझर्व्ह बँकेने हे असेच चालेल असे ठरवले, म्हणून ते तसे चालते. संदेशांच्या बाबतीत असे ठरवणारे कोणी नव्हते. मानक होते, पण ते पाळायला लावणारा नव्हता.

प्रश्न : 'अरट्टाई' हे भारतीय ॲप वापरू लागलो, म्हणजे आपण बंदिस्त ॲपमधून बाहेर पडलो असे म्हणता येईल का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. देशी असणे आणि खुले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झोहो कंपनीचे हे ॲप २०२१ पासून आहे आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याचा एकाएकी बोलबाला झाला. तेव्हा कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी अशा सेवा यूपीआय आणि ईमेलसारख्या परस्परांशी जोडल्या जाव्यात, असे मत जाहीरपणे मांडले, आणि त्यासाठी भारतीय सॉफ्टवेअर क्षेत्रातील 'आयस्पिर्ट' या गटाशी बोलणी सुरू केल्याचे सांगितले. मताचे स्वागत आहे. परंतु नियम प्रसिद्ध होऊन दुसऱ्या कोणाचा सर्व्हर प्रत्यक्ष जोडला जाईपर्यंत तेही एक बेटच होय. 'हाइक'ही भारतीयच होते. डिसेंबर २०१२ मध्ये आलेले ते ॲप जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले आणि त्यावरचे पत्तेही त्याच्याबरोबर गेले.

प्रश्न : मी वकील असून पक्षकारांशी होणारे बोलणे गोपनीय राहणे मला आवश्यक आहे. खुले मानक म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेले नियम. मग त्यापेक्षा बंदिस्त ॲप अधिक सुरक्षित नाही का? आणि सिग्नल हे खुले समजावे की बंदिस्त?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली म्हणून ते उघडत नाही, किल्ली लागते, आणि ज्याची रचना शेकडो जाणकारांनी तपासली आहे त्या कुलपावर कायद्याच्या माणसाने अधिक विश्वास ठेवावा. आपल्या शंकेच्या पहिल्या भागाचे उत्तर एवढेच. दुसरा भाग मात्र अवघड आहे, कारण 'खुले' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावतो. नियम खुले असू शकतात, प्रोग्रामचा मजकूर, म्हणजे तो ज्या सूचनांनी लिहिला तो सोर्स कोड, खुला असू शकतो आणि जाळे खुले असू शकते, आणि यांतले एक असले म्हणजे बाकीचे असतेच असे नाही.

सिग्नलच्या कूटलेखनाचे (एन्क्रिप्शनचे) नियम प्रसिद्ध आहेत, ॲपचा मजकूरही कोणालाही वाचता येतो, परंतु त्याचे जाळे बंद आहे : आपला स्वतंत्र सर्व्हर उभारून त्यांच्या सदस्यांशी बोलतो म्हटले, तर ते होत नाही. व्हॉट्सॲपने तेच सिग्नलचे कूटलेखन एप्रिल २०१६ पर्यंत सर्व संभाषणांना लागू केले, पण त्याचा मजकूरही झाकलेला आणि जाळेही बंद. टेलिग्रामच्या फोनवरील ॲपचा मजकूर खुला आहे, सर्व्हरचा नाही; शिवाय त्यावरील साधे संभाषण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असे, नसते, त्यासाठी 'सीक्रेट चॅट' मुद्दाम निवडावे लागते, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील अनेकांना ठाऊक नसते. उलट ईमेलचे जाळे पूर्ण खुले आहे आणि गोपनीयतेच्या बाबतीत ते या सर्वांत दुबळे आहे.

सिग्नल घडवणारे मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्ये खुल्या जाळ्यांविरुद्ध जो युक्तिवाद केला तो मला पूर्ण पटत नाही, पण तो डावलण्यासारखाही नाही. त्यांचे म्हणणे असे की हजारो सर्व्हर आणि शेकडो ॲप जेथे एकाच नियमाला बांधलेली असतात, तेथे तो नियम बदलणे दुरापास्त होते आणि जग पुढे जात असताना अशी जाळी जेथल्या तेथे थिजतात. एक्सएमपीपीच्या बाबतीत हे दिसलेही. मूळ मानक संगणक सतत जोडलेला आहे असे धरून लिहिलेले. खिशातला फोन घाटात रेंज गमावतो, बॅटरी वाचवायला झोपी जातो, हे त्यात नव्हते. मग मानकाला पुरवण्या आल्या, चित्रांसाठी एक, दोन उपकरणांसाठी दुसरी, तुटलेली जोडणी सावरण्यासाठी तिसरी. अशा पुरवण्यांची संख्या चारशेच्या वर गेली आहे, आणि कोणत्या ॲपला त्यांतल्या कोणत्या येतात याचा मेळ घालता घालता सामान्य माणूस कंटाळला. बंदिस्त ॲपच्या कंपनीला एका रात्रीत सर्वांचे कूटलेखन बदलता आले, हे मान्य करायलाच हवे. पण ज्या अधिकाराने ते एका रात्रीत बसवता येते त्याच अधिकाराने इतर अटीही एका रात्रीत बदलता येतात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या नव्या अटी 'मान्य करा' म्हणून समोर ठेवल्या, त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड सुनावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले, हे आपण वाचले असेलच.

आणखी एक बाब वकिलाने लक्षात ठेवावी. खुल्या जाळ्यात निरोपाचा मजकूर कूटबद्ध असला तरी कोणी कोणाला केव्हा लिहिले, हे दोन्ही बाजूंच्या सर्व्हरांना कळते. तेव्हा पक्षकाराचा पत्ता ज्या सर्व्हरवर आहे तो कोण चालवतो, याची चौकशी करावी. केवळ गोपनीयता हवी असेल तर आज मी आपल्याला सिग्नलच सुचवीन, त्याचे जाळे बंद असूनही. टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनाचे, मोठ्या गटांनाही पुरेल असे खुले मानक आयईटीएफने जुलै २०२३ मध्ये 'मेसेजिंग लेयर सिक्युरिटी' या नावाने प्रसिद्ध केले आहे. ते रुळले तर हा सल्ला मी बदलेन.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सारा कारभार एका चॅट ॲपच्या गटावर चालतो. आधीच्या सचिवांनी गट त्यांच्या खाजगी क्रमांकावरून काढला होता, त्यांचा क्रमांक बंद झाला आणि गट बेवारस झाला. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला कोणी होकार दिला होता, हे आता कोणालाच दाखवता येत नाही. खुल्या मानकावरचे काही वापरावे का?
— सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : वापरावे, परंतु आपण समजता ते नव्हे. स्वतःचा सर्व्हर उभारण्याच्या भानगडीत आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या इमारतीत लिफ्टच्या देखभालीचा करार वेळेवर नवा होत नाही, तेथे दर महिन्याला सर्व्हर अद्ययावत कोण करणार?

आपला खरा प्रश्न ॲपचा नसून पत्त्याचा आहे. संस्थेचा पत्ता संस्थेच्या नावाचा हवा. तो सचिवांच्या खिशातल्या सिमकार्डाला बांधलेला नको. यासाठी सर्वांत जुने खुले मानक, म्हणजे ईमेल, पुरेसे आहे. त्याचे टपालनियम १९८२ साली लिहिले गेले आणि सुधारित रूपात आजही तेच चालतात. संस्थेच्या नावाचे डोमेन (पत्त्यातील 'ॲट'नंतरचे नाव) घ्यावे. त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्यावर 'सचिव', 'खजिनदार' असे पदांचे पत्ते करावेत, व्यक्तींचे नव्हे. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावाने करून तिचा पासवर्ड लखोट्यात घालून दप्तरात ठेवावा आणि पदभार देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर तो लखोटाही द्यावा. ईमेलची सेवा देणारी कंपनी उद्या आवडेनाशी झाली, तर पत्ता तोच ठेवून दुसरी घेता येते. फोन क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ मध्ये देशभर झाली तेव्हा आपण जे सुख अनुभवले तेच हे.

चॅटचा गट मोडण्याची गरज नाही. त्याला जिन्याखालच्या सूचनाफलकाचे स्थान द्यावे : पाणी उशिरा येणार आहे, लिफ्ट बंद आहे, एवढेच तेथे लिहावे. ज्या निर्णयात पैसा आहे त्याचा होकार ईमेलवर मागवावा आणि तो सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा. अंगठ्याच्या चित्राला इतिवृत्त समजू नये. गटाला किमान तीन ॲडमिन असावेत. व्हॉट्सॲपमध्ये 'एक्सपोर्ट चॅट' केल्यास संभाषणाची साधी मजकूर-फाइल मिळते. ती दुसऱ्या ॲपमध्ये भरता येत नाही, पण छापून दप्तरात लावता येते. जुन्या गटात जे सदस्य अजून आहेत त्यांपैकी कोणाच्याही फोनवरून ती आजही काढता येईल. टाकीचा विषय तिच्यात सापडण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा हे काम याच आठवड्यात करावे.

ज्या संस्थांकडे संगणकाचे जाणकार कर्मचारी आहेत त्यांची गोष्ट वेगळी. फ्रान्सच्या सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'चॅप' ही संदेशसेवा 'मॅट्रिक्स' या खुल्या मानकावर सुरू केली आणि जर्मन सैन्यदलाचा मेसेंजरही त्याच मानकावर आहे. मॅट्रिक्सची एक विशेष गोष्ट अशी की गटातल्या संभाषणाची प्रत त्यात सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. एक सर्व्हर बुडाला तरी गट बेवारस होत नाही. एक्सएमपीपीत गट एकाच सर्व्हरवर नांदतो. आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी 'प्राव' नावाचे एक्सएमपीपीवरील ॲप हाती घेतले आहे आणि त्याची मालकी वापरणाऱ्या सभासदांच्या सहकारी संस्थेकडे असावी असा त्यांचा विचार आहे. सहकाराच्या या राज्यात त्याकडे कुतूहलाने पाहायला हरकत नाही. मात्र खुले मानक म्हणजे सरकारी बंदीपासून अभय, असे कोणी समजू नये : मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जी १४ ॲप अडवली त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे 'एलिमेंट' होते.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये राहतो, आई पुण्यात. युरोपात कायद्याने व्हॉट्सॲपला दार उघडायला लावले, असे वाचले. मग व्हॉट्सॲप न वापरता मला आईच्या व्हॉट्सॲपवर लिहिता येईल का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : दुर्दैवाने अजून नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याच्या कलम ७ नुसार, ज्या सेवांना 'द्वारपाल' ठरवले आहे त्यांनी मागणी करणाऱ्या लहान सेवांशी जोडणी दिली पाहिजे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी मेटाची व्हॉट्सॲप आणि मेसेंजर ही दोन ॲप या यादीत आली आणि ७ मार्च २०२४ पासून बंधन लागू झाले : आधी दोन व्यक्तींमधले निरोप, चित्रे आणि फाइली, मग गट, आणि यादीत आल्यापासून चार वर्षांच्या आत बोलणे व व्हिडिओ. ॲपलचे आयमेसेज मात्र फेब्रुवारी २०२४ मधील निर्णयाने यातून सुटले.

कायदा झाला, तरी रांग लागली नाही. सिग्नल आणि थ्रीमा या दोन संदेश-ॲपनी जोडणी नको असे कळवले, कारण व्हॉट्सॲपच्या बाजूला गेलेल्या माहितीची हमी त्यांना देता येत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलेल्या पहिल्या दोन सेवा 'बर्डीचॅट' आणि 'हायकेट' या होत्या, ज्यांची नावे आपण म्युनिकमध्येही क्वचितच ऐकली असतील. त्यातही ही सोय व्हॉट्सॲप वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागते आणि ती युरोपातील सदस्यांनाच मिळते. आपल्या आईंच्या फोनवर तो पर्यायच दिसणार नाही. कायद्याची हद्द जेथे संपते तेथे दारही संपते.

तोवर उलट्या बाजूने जावे. पुढच्या सुट्टीत पुण्याला याल तेव्हा आईंच्या फोनवर एक्सएमपीपीवरचे 'कॉन्व्हर्सेशन्स' किंवा मॅट्रिक्सवरचे, एलिमेंटखेरीज दुसरे, एखादे ॲप बसवून, भरवशाच्या सर्व्हरवर त्यांना एक पत्ता काढून द्यावा. बोलणे आणि व्हिडिओ दोन्ही त्यात होते. नातेवाइकांचा गट आई जुन्या ॲपवरच ठेवतील आणि ते साहजिक आहे. एक काळजी मात्र घ्यावी. अशा पत्त्याला बहुधा फोन क्रमांक जोडलेला नसतो, त्यामुळे पासवर्ड विसरल्यास ओटीपी येऊन सुटका होत नाही, आणि जुनी कूटबद्ध संभाषणे उघडण्यासाठी मॅट्रिक्समध्ये निराळी किल्लीही जपावी लागते. दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत कागदावर लिहून गॅसच्या पुस्तकात ठेवाव्यात, कारण ते कोठे आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते.